ओव्हरडोसच्या रुग्णवाहिका-नोंदी इतर यंत्रणांना देताना रुग्णाची ओळख कशी झाकावी?

नोंदपाल (प्रश्न)

मी एका आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या नोंदी सांभाळण्याचे काम करतो. रुग्णवाहिका निघाल्यापासून रुग्ण रुग्णालयाच्या ताब्यात जाईपर्यंत पथकाने जे जे भरलेले असते, ते सारे शेवटी माझ्याकडे येते. अलीकडे अमली पदार्थांच्या आणि औषधांच्या अतिमात्रेचे, ज्याला आपण सर्रास ओव्हरडोस म्हणतो त्याचे, कॉल वाढले आहेत आणि त्याबरोबर या नोंदी मागणारेही वाढले आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाला त्या रोजच्या रोज हव्या आहेत. पोलिसांना पत्त्यांसह हव्या आहेत. एका संशोधक गटाला मागच्या पाच वर्षांच्या हव्या आहेत. व्यसनग्रस्तांमध्ये प्रत्यक्ष जाऊन नॅलोक्सोन हे अतिमात्रेवरचे औषध वाटणाऱ्या एका स्वयंसेवी गटाला मात्र कुठल्या भागात जास्त गरज आहे, एवढेच कळले तरी पुरेसे आहे.

पोलिसांच्या मागणीबद्दल माझे मन साशंक आहे. बाकीच्या मागण्या मला रास्त वाटतात. अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेत माणूस दगावतो तो श्वास मंदावत जाऊन थांबल्यामुळे, आणि नॅलोक्सोन वेळेवर मिळाले तर काही मिनिटांत श्वास परत येतो. हेरॉइनमध्ये फेंटानिलसारखे कितीतरी पट तीव्र काही मिसळले गेले, तर त्याची पहिली चाहूल आमच्या नोंदींतच लागते, कारण मृत्यूचे कारण रासायनिक तपासणीनंतर कागदावर यायला आठवडे, कधी महिने लागतात. नोंदी दाबून ठेवल्या तर उद्या वाचू शकणारा माणूस वाचणार नाही, हे मला पुरेपूर पटलेले आहे.

आता अडचण सांगतो. तपशील बदलून एक नोंद नमुन्यादाखल देतो. वेळ ०२:४०. पुरुष, वय ३४. ठिकाण घर, दुसरा मजला, स्नानगृह. श्वास मिनिटाला ४, डोळ्यांच्या बाहुल्या आकसून टाचणीच्या टोकाएवढ्या. नॅलोक्सोनच्या दोन मात्रा नाकातून. दहाव्या मिनिटाला शुद्धीवर. रुग्णालयात येण्यास नकार. आणि खाली मोकळ्या जागेत पथकाने लिहिलेले असते: ‘बहिणीने दार फोडले. रुग्ण शाळेत शिक्षक. गेल्याच आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला.’

आजवर आमच्याकडे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि घर क्रमांक काढून उरलेले पुढे देण्याची पद्धत होती. मागच्या महिन्यात अशीच एक यादी तयार करून मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना नजरेखालून घालायला दिली. सहाव्या की सातव्या ओळीवर त्यांचे बोट थांबले आणि ते हळूच म्हणाले, “हा तर आमच्या शेजारचा.” त्या ओळीत नाव नव्हते, घर क्रमांक नव्हता. त्यांनी त्या रात्री खिडकीतून रुग्णवाहिकेचा फिरता दिवा पाहिला होता, एवढेच. मी ती यादी पुढे पाठवली नाही, पण तेव्हापासून कोणतीच यादी पाठवायला माझा हात धजावत नाही.

नाव काढून भागत नसेल तर आणखी काय काढावे, आणि किती काढले म्हणजे ती नोंद कोणाच्याच उपयोगाची उरत नाही? सर्वांना एकच यादी द्यावी की प्रत्येकाला वेगळी? हे काम प्रत्यक्ष केलेल्यांकडून मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

कोष्टक

तुमच्या सहकाऱ्यांचे बोट जिथे थांबले, तिथेच या विषयाचे मर्म आहे. नाव हा ओळख पटण्याचा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे, आणि ही गोष्ट नव्वदच्या दशकातच पुरेशी स्पष्ट झाली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली, दोन्ही याद्यांतील जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून पाहिले आणि खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या वैद्यकीय नोंदी वेगळ्या काढून दाखवल्या. पुढे २००० साली त्यांनी असा अंदाज मांडला की अमेरिकेतील ८७ टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकमेवाद्वितीय ठरू शकतात. २००६ मध्ये झालेल्या फेरमोजणीत हा आकडा ६३ टक्के निघाला. आकडा उतरला तरी निष्कर्ष बदलत नाही.

तुमच्या नोंदी मात्र रुग्णालयीन नोंदींपेक्षाही नाजूक आहेत, कारण रुग्णवाहिका ही लोकांच्या डोळ्यांदेखत येते. रुग्णालयात कोण कधी दाखल झाले हे शेजाऱ्याला कळेलच असे नाही. रात्री पावणेतीन वाजता दारात दिवा फिरत होता हे साऱ्या गल्लीला कळते. म्हणून तुमच्या यादीत घटनेची वेळ हाच जवळजवळ नावाइतका मोठा दुवा आहे. माझा पहिला नियम असा की नेमकी वेळ आणि नेमके ठिकाण या दोन गोष्टी कार्यालयाबाहेर जाणाऱ्या एकाच यादीत कधीही एकत्र ठेवायच्या नाहीत. जिथे ताजेपणा महत्त्वाचा आहे तिथे ठिकाण ढोबळ ठेवा. जिथे ठिकाण बारकाईने हवे आहे तिथे वेळ महिन्यावर किंवा तिमाहीवर न्या. या एका अटीने तुमच्या बऱ्याचशा मागण्या आपोआप वेगवेगळ्या याद्यांत विभागल्या जातील.

दुसरी गोष्ट लहान संख्यांची. कोष्टकातल्या एखाद्या खान्यात ‘१’ किंवा ‘२’ असेल तर तो आकडा म्हणजे जवळपास एक व्यक्तीच असते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या मृत्यूविषयक सार्वजनिक विदेत (डेटामध्ये) १ ते ९ पर्यंतचे आकडे दाखवलेच जात नाहीत. पण तो खाना पुसला म्हणजे काम झाले, असे समजू नका. समजा एका भागात महिन्याला ४० घटना झाल्या आणि चार वयोगटांपैकी तिघांत १४, ११ आणि १२ असे आकडे छापले, तर चौथा खाना कितीही काळा केला तरी वजाबाकी येणाऱ्या कोणालाही तिथे ३ आहेत हे कळते. म्हणून दुसराही एक खाना झाकावा लागतो किंवा एकूण बेरीज गाळावी लागते. हीच वजाबाकी दोन वेगवेगळ्या अहवालांमध्येही होऊ शकते. तिमाही अहवालातून दोन मासिक अहवाल वजा केले की तिसरा महिना उघडा पडतो. आधी काय काय प्रसिद्ध केले आहे याची वहीच तुम्हाला ठेवावी लागेल, आणि माझ्या अनुभवात हीच वही ठेवायची सर्वांत जास्त राहून जाते.

आता ज्यावर बहुतेकांचे लक्ष जात नाही असे एक सांगतो. प्रत्येक ओळीसारख्या निदान पाच ओळी असाव्यात, अशी अट अनेक जण घालतात आणि निश्चिंत होतात. इतर विदेत त्या अटीला अर्थ आहे. तुमच्या यादीत मात्र प्रत्येक ओळ ओव्हरडोसचीच आहे. एखादा माणूस या यादीत आहे इतके कळले की नुकसान झालेच. पाचांपैकी त्याची ओळ कुठली हे कळण्याची गरजच उरत नाही. म्हणून यादीत त्याच्यासारखे किती आहेत याच्या जोडीने, त्या भागात त्याच्यासारखे एकूण किती लोक राहतात हे मोजा. दोनशे घरांच्या वस्तीतील पाच घटना आणि वीस हजार लोकवस्तीच्या विभागातील पाच घटना कागदावर सारख्या दिसल्या, तरी त्यांत झाकलेपणाचा फरक फार मोठा आहे.

रात्रपाळी

मी अकरा वर्षे रुग्णवाहिकेवर काम करते आहे. कोष्टक यांचे गणित मला नीट तपासता येणार नाही, पण नोंदी जिथे जन्माला येतात तिथली बाजू मांडते.

एका रात्री आम्ही पोहोचलो तेव्हा दार अर्धे उघडे होते. आत एक तरुण जमिनीवर होता, पण पालथा किंवा उताणा नव्हता. कोणीतरी त्याला व्यवस्थित कुशीवर वळवून, वरचा गुडघा दुमडून, गालाखाली त्याचाच हात ठेवून गेले होते. उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून असे करतात. म्हणजे ज्याने फोन केला त्याला काय करायचे हे माहीत होते, त्याला मित्राची काळजी होती, आणि तरीही आम्ही यायच्या आत तो निघून गेला होता. फोन घेणाऱ्या सहकाऱ्याने नंतर सांगितले की त्याने पत्ता सांगितला, एकच प्रश्न विचारला, “पोलीस येणार का?”, आणि उत्तर ऐकायच्या आधी फोन ठेवला. त्यामुळे त्या तरुणाने काय घेतले, किती घेतले, किती वेळापूर्वी घेतले, यातले काहीच आम्हाला सांगायला कोणी नव्हते.

नोंदपाल, पोलिसांच्या मागणीबद्दल तुमच्या मनात जी शंका आहे ती सोडू नका. पत्ते पोलिसांकडे जातात अशी बातमी एकदा वस्तीत पसरली की लोक फोन करायचे थांबतात. मग माणसेही जातात आणि तुमची नोंदही होत नाही. ज्या विदेसाठी ही सगळी धडपड आहे, तिचा झराच आटतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी मदतीसाठी फोन करणाऱ्याला काही प्रमाणात संरक्षण देणारे कायदे केले ते याच कारणाने. पण कायद्याने दिलेले संरक्षण मागच्या दाराने यादी देऊन काढून घेतले तर त्या कायद्यावर कोण विश्वास ठेवील?

वैद्यकीय माहिती पोलिसांकडे वळली की काय होते याचे एक मोठे उदाहरण नोंदलेले आहे. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे एका सरकारी रुग्णालयाने १९८९ पासून गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोकेन सापडल्यास त्याची माहिती पोलिसांना देण्याचे धोरण राबवले, आणि उपचारासाठी आलेल्या काही स्त्रियांना अटक झाली. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रुग्णाच्या संमतीशिवाय, पोलिसांना पुरावा मिळवून देण्यासाठी केलेली अशी तपासणी म्हणजे घटनाबाह्य झडती होय. त्या स्त्रिया डॉक्टरांकडे आल्या होत्या, पोलिसांकडे नव्हे. आमचे रुग्णही आमच्याकडे येतात. बहुतेक वेळा तर ते शुद्धीतही नसतात, त्यामुळे संमतीचा प्रश्नच विचारता येत नाही. जो नाही म्हणू शकत नव्हता, त्याच्या वतीने नाही म्हणण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

पोलिसांना कोणत्या विभागात, कोणत्या आठवड्यात, कोणत्या पदार्थाचे किती प्रकार घडले एवढे द्यावे. बाजारात काही घातक आले असेल तर त्यांना तेवढ्यावरून कळते. पत्ता देऊ नये, आणि फोन घेणाऱ्या केंद्राच्या संगणकात त्या पत्त्यावर कायमची खूण करून ठेवण्याचा मोहही टाळावा. मी अशा खुणा पाहिल्या आहेत. भाडेकरू सोडून जातो, नवे कुटुंब येते, आणि तिथल्या आजींच्या छातीत दुखले म्हणून कॉल आला तरी पथक दारात संशयाने उभे राहते.

आणि ती मोकळी जागा. तिथे आम्ही जे लिहितो ते पुढच्या डॉक्टरांसाठी लिहितो. बहिणीने दार फोडले, हे डॉक्टरांना हवे असते, कारण रुग्ण किती वेळ एकटा होता याचा अंदाज त्यातून येतो. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच आला हे तर फारच महत्त्वाचे, कारण काही आठवडे पदार्थ न घेतल्याने शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरते. पण ते लिहिताना ही वाक्ये कोणाच्या तक्त्यात जाऊन बसतील अशी कल्पना आम्हाला नसते. ती जागा बाहेर अजिबात जाऊ देऊ नका.

साथनोंद

मी आरोग्य विभागाच्या बाजूने, म्हणजे नोंदी मागणाऱ्यांच्या बाजूने लिहितो आहे. वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण काळजीपोटी सगळेच बोथट करून टाकण्याचा धोकाही तितकाच खरा आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात कॉलऱ्याने झालेले मृत्यू जॉन स्नो यांनी घराघरांनुसार नकाशावर मांडले, तेव्हा ते एका पंपाभोवती दाटलेले दिसले. ते मृत्यू ‘लंडन, ऑगस्ट-सप्टेंबर’ अशा एका ओळीत दिले असते तर पंप दिसलाच नसता. बारीक तपशिलात जीव वाचवणारी माहिती असते. तो तपशील कोणाच्या हाती जातो आणि किती काळ राहतो, यावर बंधन घालावे. तपशीलच सरसकट नष्ट करू नये.

कायदाही हाच भेद करतो. अमेरिकेतील आरोग्यमाहितीच्या गोपनीयता नियमात ओळख काढून टाकण्याचा एक ठरलेला मार्ग आहे, ज्यात १८ प्रकारचे तपशील गाळावे लागतात. त्यात वर्ष वगळता घटनेच्या साऱ्या तारखा जातात, ८९ वर्षांवरील वये एका गटात टाकावी लागतात, आणि पिनकोडचे पहिले तीन अंकही त्या क्षेत्राची लोकसंख्या २०,००० पेक्षा जास्त असेल तरच ठेवता येतात. कोष्टक यांनी लोकवस्तीबद्दल जे म्हटले तेच इथे नियमात उतरले आहे. पण तारीखच गेली तर अचानक झालेली वाढ कशी ओळखणार? म्हणून त्याच नियमात सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला साथनियंत्रणासाठी माहिती देण्याची स्वतंत्र मुभा आहे. संशोधकांसाठी मधला मार्गही आहे: तारखा आणि पिनकोड राहतात, नाव, घराचा पत्ता, दूरध्वनी जातात, आणि घेणाऱ्याला पुन्हा ओळख न पटवण्याच्या लेखी कराराने बांधून घेतले जाते. व्यसनउपचार केंद्रांच्या नोंदींना तर त्याहून कडक, वेगळे नियम लागू होतात. तुमच्या मोकळ्या जागेत ‘व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला’ असे वाक्य असते, त्याची जाणीव ठेवा.

प्रत्यक्षात चालू असलेली व्यवस्था पाहायची असेल तर अमेरिकेत २०१७ पासून ओडीमॅप नावाची प्रणाली आहे. घटनास्थळावरूनच वेळ, ठिकाण, मृत्यू झाला की नाही आणि नॅलोक्सोन दिले की नाही एवढे भरले जाते. रुग्णाचे नाव भरावे लागत नाही. चोवीस तासांत एखाद्या भागातील घटना ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या की संबंधितांना इशारा जातो. हा नकाशा सर्वांसाठी खुला नसून केवळ मान्यताप्राप्त यंत्रणांपुरता आहे. तरीही त्यात नेमके ठिकाण आहे आणि पाहणाऱ्यांत पोलीसही आहेत, त्यामुळे रात्रपाळी यांची शंका तिथेही लागू पडते, हे मी मान्य करतो. वेग घ्यावा, पण पाहणाऱ्यांची यादी आपल्या मनाशी नीट ठरवून घ्यावी.

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही. नॅलोक्सोन दिले म्हणजे ओव्हरडोस होताच असे नाही. बेशुद्ध माणसाला कारण नीट कळण्याआधी ते दिले जाते. नंतर साखर उतरलेली निघते, किंवा मेंदूतील रक्तस्राव निघतो. अशा माणसाची ओळ तुमच्या यादीत गेली आणि ओळख फुटली, तर जे त्याने केलेच नाही त्याचा डाग त्याला लागतो. ‘संशयित’ हा शब्द प्रत्येक तक्त्याच्या मथळ्यात ठेवावा, आणि रुग्णालयाकडून निदान कळले की जुनी ओळ दुरुस्त करून सर्व घेणाऱ्यांना कळवावे.

नोंदपाल

आपणा तिघांचेही मनापासून आभार. संशोधक गटाची आणखी एक अट मी लिहायची विसरलो होतो. एकच व्यक्ती पुन्हा पुन्हा येते आहे का, हे त्यांना ओळखायचे आहे. त्यांचे म्हणणे योग्य आहे, कारण ओव्हरडोसमधून एकदा वाचलेल्या माणसाला पुढच्या काळात मृत्यूचा धोका बराच जास्त असतो, आणि तिसऱ्यांदा आलेल्याला काही वेगळी मदत द्यायला हवी. त्यांनी सुचवले आहे की नाव आणि जन्मतारीख यांचे हॅश करून, म्हणजे सूत्राने त्यांचे उलट न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या मालिकेत रूपांतर करून, तो संकेतांक द्यावा, म्हणजे नाव कळणार नाही पण जोडी लागेल. हे पुरेसे आहे का?

कोष्टक

नाही, साधा हॅश पुरेसा नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या सुमारे १७.३ कोटी फेऱ्यांची विदा अशाच रीतीने बाहेर आली होती. परवाना क्रमांकांचे एमडी५ या प्रचलित सूत्राने हॅश केले होते. पण परवाना क्रमांकांचा साचा ठरलेला असल्याने शक्य असलेले सगळे क्रमांक आधीच हॅश करून त्यांची यादी बनवता येत होती, आणि अगदी थोड्या वेळात साऱ्या टॅक्सी पुन्हा उघड झाल्या. नावे आणि जन्मतारखाही अशाच मोजता येण्याजोग्या आहेत. ज्याच्या हाती मतदारयादी आहे तो प्रत्येक नावाचा हॅश करून तुमच्या तक्त्यात शोधेल.

हॅश करायचाच असेल तर त्यात एक गुप्त किल्ली मिसळून करा. ती किल्ली तक्ता घेणाऱ्याकडे कधीही जाऊ नये, आणि प्रत्येक प्रकल्पासाठी ती निराळी असावी, म्हणजे दोन गटांना दिलेल्या याद्या एकमेकींना जोडता येणार नाहीत. पण मी याहून सोपे सुचवीन. जोडणी तुमच्या कार्यालयातच करा आणि संशोधकांना फक्त ‘गेल्या बारा महिन्यांतील पहिली वेळ, दुसरी वेळ, तिसरी किंवा अधिक’ असा एक रकाना द्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक त्यातच मिळेल. दोन घटनांतील अंतर हवेच असेल तर प्रत्येक व्यक्तीच्या साऱ्या तारखा त्या व्यक्तीपुरत्या ठरवलेल्या यादृच्छिक दिवसांनी पुढे-मागे सरकवा. अंतर तेच राहते, खरी तारीख जाते.

आकड्यांत मोजून मापून थोडी गडबड मिसळण्याची जी पद्धत २००६ नंतर विकसित झाली आणि अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत वापरली गेली, तिच्याबद्दलही कोणीतरी तुम्हाला सांगेल. मोठ्या आकड्यांच्या जाहीर फलकासाठी ती उत्तम आहे. पण जिथे आठवड्याला चार-पाच घटना असतात, तिथे मिसळलेली गडबड खऱ्या आकड्यालाच गिळून टाकते. इशारा देणाऱ्या यादीसाठी ती वापरू नका.

धाकटी

मी तंत्राबद्दल काही सांगू शकणार नाही. माझा मोठा भाऊ असाच गेला. काही महिन्यांनी एका संकेतस्थळावर शहराचा नकाशा आला, प्रत्येक घटनेचा एक लाल ठिपका. नकाशा मोठा करत गेले की ठिपका आमच्या इमारतीवर येऊन थांबत होता. तोवर आईने नातेवाइकांना हृदयविकार असे सांगितले होते. त्यानंतर ती सहा महिने खाली उतरली नाही.

मी तक्रार केल्यावर त्यांनी ठिपके थोडे इकडे-तिकडे सरकवले. आमचा ठिपका पलीकडच्या इमारतीवर गेला आणि तिथल्या लोकांबद्दल बोलणे सुरू झाले. म्हणून मी विनवते की ठिपके देऊच नका, सरकवलेले तर मुळीच नाही. मोठा विभाग रंगवून दाखवा.

पण माहिती देऊच नका असे मी म्हणणार नाही. भावाच्या त्या आठवड्यात आमच्याच भागात आणखी कितीतरी जणांना तेच झाले होते, हे आम्हाला नंतर कळले. आधी कळले असते तर घरात नॅलोक्सोन असते, आणि मी त्या रात्री त्याच्या खोलीत डोकावले असते. त्याच्यावर गुदरले ते दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडावे असे मला फार वाटते. फक्त निर्णय घेताना आमच्यासारख्या दोन-चार घरच्या माणसांना खोलीत बसवा. काय काय दुखते हे आम्हाला चटकन दिसते.

नोंदपाल

धाकटी, आपण हे लिहिलेत याबद्दल काय म्हणावे ते सुचत नाही. याद्या ठरवणाऱ्या बैठकीला व्यसनातून बाहेर आलेले दोघे आणि एका कुटुंबातील एक जण बोलावण्याचा प्रस्ताव मी कार्यालयात ठेवला आहे आणि तो मान्यही झाला आहे.

दरम्यान चार वेगळ्या याद्यांचा मसुदा केला. आरोग्य विभागाला रोजची यादी, दिवस आणि सहा तासांचा टप्पा, ठिकाण मोठ्या विभागापर्यंत, मथळ्यात ‘संशयित’, आणि नव्वद दिवसांनी नष्ट करण्याची लेखी अट. स्वयंसेवी गटाला बारीक वस्ती, पण तिमाहीच्या बेरजेत, आणि लहान आकडे शेजारच्या वस्तीत मिळवून. संशोधकांना करारानिशी, कोष्टक यांनी सांगितलेल्या रकान्यासह. पोलिसांना विभाग, आठवडा आणि पदार्थ. मोकळी जागा चारही याद्यांतून पूर्ण काढली. मी वर दिलेली नोंद आरोग्य विभागाच्या यादीत आता अशी दिसते: ‘मध्यरात्र ते सकाळी ६; पुरुष, ३० ते ३९; निवासी ठिकाण; नॅलोक्सोन दोन मात्रा; प्रतिसाद मिळाला; रुग्णालयात नेले नाही.’

ती यादी मी पुन्हा त्याच सहकाऱ्यांना दिली, या वेळी कारण सांगून. शेजारच्या माणसाची ओळ त्यांना सापडली नाही. पण त्यांचे बोट दुसऱ्याच एका ओळीवर थांबले, ‘स्त्री, ७० ते ७९’. त्या महिन्यात त्या विभागात तेवढी एकच होती. साठच्या पुढचे सारे वयोगट आज एकत्र केले आहेत.